कट न झालेली रिंग

त्या दुसऱ्या कंपनीच्या फोनला मी नावं ठेवायचो, चारचौघांत ठेवायचो, आणि त्याची मला काडीची लाज वाटत नाही. उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे आणि समोर चहाची टपरी. तिथं शेजारचा वेल्डिंगवाला आपला तो गुळगुळीत महागडा फोन बाकड्यावर पालथा टाकून बसायचा. पाठीमागचं चिन्ह सगळ्यांना दिसलं पाहिजे ना! मी म्हणायचो, "पावणं, झाकून ठेवा की, दृष्ट लागंल." तो म्हणायचा, "तुमी एकदा वापरून तर बघा, मग बोला." मी म्हणायचो, "मी मेलो तरी न्हाय." हे बोलणं आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा आम्ही हसून चहा प्यायचो.

माझा फोन म्हणजे एका कोपऱ्यात काच तडकलेली, पाठीवर ग्रीसचे डाग, आणि आवाज असा की लेथ फिरत असताना, शेजारी ग्राइंडर किंचाळत असतानाही खिशातून ऐकू यावा. पहिल्यापासून मी त्याच कंपनीचे फोन वापरत आलोय. एक मोडला की त्याच कंपनीचा दुसरा. आमच्या पेठेतली माणसं फुटबॉलची टीम बदलत नाहीत, हरली तरी बदलत नाहीत, तसंच हे. त्यात मोठं कारण आवाजाचंच. कारण रोज सकाळी अक्काची रिंग यायची आणि ती मला ऐकू यायलाच पाहिजे होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली आणि मला तिनंच काखेत घेऊन वाढवलं. लग्न होऊन ती गारगोटीकडच्या एका गावात गेली, मूलबाळ झालं नाही, भावोजी वारले आणि आता घरात ती आणि एक म्हैस. कॉलला पैसे पडायचे त्या काळात आमचं ठरलं होतं. सकाळी डेअरीत दूध घातलं की तिनं तिथनंच एक रिंग द्यायची. मी ती उचलायची नाही, कट करायची. तिची रिंग आली म्हणजे ती बरी आहे. मी कट केली म्हणजे मी बरा आहे. आता बोलणं फुकट झालं, तरी अक्कानं रीत सोडली नाही. मध्ये एकदा वर्कशॉपातच चक्कर येऊन मी पडलो, बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हापासून तर ती ह्या रिंगच्या बाबतीत फारच कडक झाली. कट करायला जरा उशीर झाला की दुपारी फोन करून झापायची, "कुटं उलथला हुतास?"

माझी लेक पुण्याला नोकरीला असते. तिनं स्वतःला नवा फोन घेतला आणि जुना, म्हणजे तोच गुळगुळीत, माझ्यासाठी घेऊन आली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "पप्पा, वापरून तर बघा. नाही आवडला तर परत द्या." बायको म्हणाली, "पोरगी एवढ्या मायेनं देतीया आन् तुमचं आपलं तेच तुणतुणं." दोघींच्या पुढं माझं काय चालतंय? लेकीनं माझं सिम काढून त्यात घातलं, सोफ्यावर बसून काय काय टकटक केलं, आणि माझा जुना फोन टीव्हीखालच्या खणात गेला. दुसऱ्या दिवशी ती परत निघाली आणि बायकोही तिच्याबरोबर चार दिवस पुण्याला गेली.

आणि मग त्या फोननं माझा छळ मांडला.

मागं जायचं बटणच नाही! मागं कसं जायचं ते एका बाजूनं बोट ओढून शोधायचं. बोटाचा ठसा चालत नाही, तोंड दाखवायचं. आता माझं तोंड दिवसभर ऑइलनं माखलेलं, डोळ्यावर गॉगल. प्रत्येक वेळी गॉगल काढून, तोंड पुसून त्याच्यापुढं वधूपरीक्षेला उभं राहायचं. तरी साहेब ओळखत नाहीत, नंबर मागतात. चार्जर बसत नाही. आणि रिंग? देवघरातली घंटा तरी मोठी वाजते. गिऱ्हाइकांचे फोन चुकले, एकजण तर दारात येऊन ओरडला, "काय ओ, मोठं झाला का आता?" वेल्डिंगवाल्यानं माझ्या हातात तो फोन बघितला आणि टपरीवर नुसता हसत सुटला. मी चहा अर्धा टाकून उठलो.

ह्या सगळ्या वैतागात पहिल्या सकाळी अक्काची रिंग आली नाही. मी म्हटलं, रेंज नसेल, त्यांच्याकडे पाऊस झाला की टॉवर झोपतो. दुसऱ्या सकाळीही नाही. तेव्हा मला वाटलं, अक्का रुसली. कारण गावच्या जत्रेला मी ह्या खेपेला गेलो नव्हतो. एका पंप कंपनीचं काम अंगावर होतं, सुटणं शक्य नव्हतं, आणि तिनं माझ्या वाटणीचं मटण झाकून ठेवून संध्याकाळपर्यंत वाट बघितली होती. जत्रेला भाऊ आला नाही म्हणजे आमच्याकडे मोठा गुन्हा. मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, रुस. इथं मशीनवर माझी हाडं झिजतायत ते कुणाला दिसत नाही, बघू किती दिवस रुसतीस. मी पण फोन केला नाही. आम्ही दोघं एकाच मातीचे, वाकायचं कुणी हा प्रश्न लहानपणापासूनचा.

पण सकाळचं ते काही बरं वाटेना. मशीन चालू करायचो आणि हात आपोआप खिशाकडं जायचा. शेवटी एका सकाळी मी रुसवा सोडला. गॉगल काढला, तोंड पुसलं, फोन उघडला आणि नावांत 'अक्का' शोधलं. नाही. 'आक्का' शोधलं. नाही. 'ताई', 'गारगोटी', सगळं बघितलं. नाहीच! पत्रा विकणाऱ्याचा नंबर आहे, गॅसवाल्याचा आहे, कुठल्या तरी सासऱ्याच्या भाच्याचा आहे, आणि अक्काचा नाही. पाठ कुठं असतोय नंबर आजकाल? मी लेकीला फोन लावला.

"पप्पा, मीटिंगमध्ये आहे."

"माझ्या अक्काचा नंबर कुठं गेला?"

"सिमवर सेव्ह केलेले असतील ते आले नसतील. रविवारी येते, तेव्हा करते."

"रविवारी? आगं नंबर हाय का कपडं हायत, रविवारी धुवायला?"

"पप्पा प्लीज, नंतर," म्हणाली आणि ठेवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मरू दे हा फोन, सिम काढतो आणि जुन्यात घालतो. घरनं जुना फोन घेऊन आलो. पण त्या सिमचा ट्रे उघडायला बारीक पिन लागते! अख्खं वर्कशॉप माझं, ड्रिलचे एवढे बिट, टॅप, पंच, फाइली, आणि त्या भोकात जाईल असं एक हत्यार नाही. शेवटी तारेचा तुकडा ग्राइंडरवर घासला आणि शिव्या घालत त्या भोकात खुपसत बसलो होतो, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

रिक्षावाला म्हणाला, "पावणं, ह्या आजी तुमच्याच का? एसटी स्टँडवरनं आणल्यात. भावाचं लेथ, भावाचं लेथ एवढंच सांगत हुत्या. दोन गल्ल्या फिरलो."

अक्का उतरली. उजवा हात पदरात गुंडाळलेला, कोपरापाशी लुगडं मातीनं भरलेलं. मी पुढं झालो. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, डाव्या हातानं माझ्या छातीवर चापट मारली, जोरात, आणि म्हणाली, "मुडद्या! जित्ता हाईस न्हवं!"

आणि तिथंच, लोखंडाच्या भुशात, खाली बसली.

मी ओरडलोच तिच्यावर. काय करणार, भीती वाटली की मला ओरडायचंच सुचतं. "आगं फोन करायचा का न्हाय? एकटी कशाला आलीस? हाताला काय झालंय?"

"फोन?" ती म्हणाली. "रोज करतीया की. तू कट करंनास. रिंग जातीया, जातीया, आन् आपली मरतीया. डेअरीतल्या पोराकडनं लावून बगितला. त्यो म्हणाला, आज्जे, रिंग जातीया, उचलत न्हाईत. घरात तुजी बायकू न्हाय, मला म्हाईत हाय, तिनंच जायच्या आदी तुज्या फोनवरनं सांगितलं हुतं. मग मी काय समजायचं? फोन वाजतुया आन् माणूस उठंना, म्हंजे काय समजायचं सांग की!"

ती काय समजली होती ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

अर्ध्या वाटेवरच्या बिद्रीपर्यंत ती एसटीत उभी राहून आली होती. इथं स्टँडवर उतरताना पायरीवरनं पाय सटकला आणि हातावर पडली. लोकांनी पाणी दिलं, दवाखान्यात चला म्हणाले, तर म्हणाली, "आदी भाऊ." मी तिला दवाखान्यात नेलं, हाताचा फोटो काढला, मनगट मोडलं होतं. डॉक्टर प्लास्टर घालत होते आणि मी बाहेरच्या बाकावर बसून त्या फोनमध्ये आलेले-गेलेले कॉल कुठं दिसतात ते शोधत होतो. सापडलं. एकाखाली एक, लाल रंगात, एकच बिननावाचा नंबर, अक्काचा. सकाळी. दुसऱ्या सकाळी. तिसऱ्या दिवसापासून दुपारी पण, संध्याकाळी पण. सगळे आले होते. एकही वाजला नव्हता.

मी पुन्हा लेकीला फोन लावला. ह्या वेळी मीटिंग असो नाहीतर कलेक्टर येवो. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "पप्पा, ते लोनवाल्यांचे, स्कीमवाल्यांचे फोन येतात ना, तुम्ही त्यांच्याशी भांडत बसता, बीपी वाढतो. म्हणून मी अनोळखी नंबर सायलेंट करून ठेवले होते. आत्याचा नंबर सेव्ह नव्हता, म्हणून मग..."

"अनोळखी?" मी एवढ्यानं ओरडलो की नर्स बाहेर आली. "आगं, जिनं मला घास भरवला ती अनोळखी? गॅसवाला ओळखीचा आन् अक्का अनोळखी? कुणी सांगितलं तुझ्या फोनला माझी माणसं निवडायला? मी सांगितलं हुतं?"

"तुमच्या भल्यासाठीच केलं हो पप्पा," ती रडायला लागली. भलं! मला दम लागला होता. लेक रडते हे कळत होतं, तिची चूक वाईट हेतूनं नाही हेही कळत होतं, तरी राग उतरत नव्हता. आजही पुरता उतरलेला नाही. हे फोन बनवणारे जे कोणी शहाणे आहेत त्यांना एकदा गारगोटीच्या एसटीत उभं करावं, हातात, रिंग जात राहते पण पलीकडं कुणी उचलत नाही असा फोन देऊन, असं मला फार वाटतं.

लेक रविवारी आली, अक्काच्या पायाशी बसली, आणि अक्कानं डाव्या हातानं तिच्या केसांना तेल लावून दिलं. दोघींचं मिटलं. फोन मी तिच्या पिशवीत परत घातला. टपरीवर वेल्डिंगवाल्यानं विचारलं, "काय, नाद सुटला का?" मी त्याच्याकडे असं बघितलं की पुढं त्यानं कधी काढलं नाही.

अक्काला मी म्हटलं, प्लास्टर निघेपर्यंत इथंच राहा. ती कसली राहते? "म्हस कोण बगंल? शेजारीण धार काडंल, पर वैरण तरी मी डोळ्यानं बगाय नगो?" गेली. जाताना म्हणाली, "आता रिंग द्यायला माजं बोट चालत न्हाय. डाव्या हातानं नंबर कुटला हुडकू?"

म्हणून आता सकाळची रिंग मी देतो. मशीन बंद ठेवतो, जुना फोन कानाला लावतो. तिकडं ती डाव्या हातानं चाचपडत कट करते आणि मग मी कामाला लागतो. पण कधी ती गोठ्यात असते, कधी फोन चुलीपाशी राहतो आणि ती घरामागच्या परड्यात. तेव्हा रिंग जातच राहते. कट होत नाही. मी बंद मशीनवर हात ठेवून उभा असतो, रिंग संपते, पुन्हा लावतो, पुन्हा जाते, आणि शेजारच्या ग्राइंडरचा आवाजही मला ऐकू येत नाही. त्या दिवसांत अक्का रोज डेअरीपुढं उभी राहून हेच ऐकत होती.