रेघ दिली

लायल वोंद्राने एकोणीस वर्षं आमच्या शर्यती टीव्हीवर दाखवल्या आणि त्या एकोणीस वर्षांत पडद्यावर तो एक शब्द बोलला नाही. एरवी बोलायचा, भरपूर बोलायचा. पण कार्यक्रमात नाही. दर शनिवारी जुन्या लष्करी धावपट्टीशेजारी पाइपांच्या मचाणावर कॅमेरा लावायचा. दोन गाड्या सुटल्या की रेघ ओलांडेपर्यंत दोन्ही चौकटीत धरायचा, मग पाटीवरचे आकडे, मग जिंकणाऱ्याच्या बाजूचा पिवळा दिवा, आणि पुढची जोडी. ना संगीत, ना निवेदन. गुरुवारी संध्याकाळी ते जसंच्या तसं गावच्या केबलवर लागायचं. कोणाच्या इंजिनाचं तेल सांडलं आणि पट्टी पुसायला वीस मिनिटं गेली, तर ती वीस मिनिटंसुद्धा.

मी त्याला म्हणायचे, "अरे, झाडू मारताना कोण बघतं?"

"झाडू मारणाऱ्याची आई."

आणि ते खरं होतं. झाडणाऱ्या पोराची आई दर शुक्रवारी फोन करून मला सांगायची, माझा मुलगा किती नीट झाडतो बघितलंस का.

मी मार्लिस. धावपट्टीच्या परतीच्या वाटेवर माझी टपरीएवढी खोली आहे. धावून आलेली प्रत्येक गाडी माझ्या खिडकीशी थांबते आणि मी वेळेची चिठ्ठी ड्रायव्हरच्या हातात देते. हे काम मी सत्तावीस वर्षं करते आहे. जिंकलेल्याचं आणि हरलेल्याचं तोंड माझ्याइतकं जवळून नेब्रास्कात कोणी पाहिलं नसेल. म्हणून लायलबद्दल मीच सांगितलेलं बरं. बाकीचे अजून त्याचं नाव निघालं की विषय बदलतात.

लायल शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. पहिला कॅमेरा त्याने पुतणीच्या लग्नासाठी आणला. पाद्रीबाबा बोलत असताना त्याला खिडकीतून कोणाची तरी नवी रंगवलेली गाडी दिसली, आणि लग्नाची शपथ आजही त्या टेपवर नुसती ऐकू येते, दिसते ती गाडी. भावजय दोन वर्षं त्याच्याशी बोलली नाही. मग त्याने कॅमेरा आमच्याकडे आणला, जिथे गाडी बघितल्याबद्दल कोणी रुसत नाही.

आमच्या गाड्या म्हणजे घरामागच्या शेडमध्ये, जुन्या सांगाड्यात भलतं इंजिन कोंबून उभ्या केलेल्या हॉट रॉड. कोणाची लवकर पळते, कोणाची उशिरा. म्हणून प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंदांत जाईल तो आकडा बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर लिहायचा. दोघांच्या आकड्यांत जितका फरक, तितकी संथ गाडी आधी सुटते. पण लिहिलेल्यापेक्षा लवकर पोचलात तर हरलात, पुढे असलात तरी हरलात. त्यामुळे खरा ड्रायव्हर शेवटच्या शंभर फुटांत बाजूला बघतो. शेजारचा फार जोरात येतोय असं दिसलं, की हलकेच ब्रेकवर पाय ठेवतो आणि त्याला पुढे जाऊ देतो. तो भस्सकन रेघ ओलांडतो, त्याचा आकडा फुटतो, आणि जिंकतो मागचा. याला आमच्यात म्हणतात, रेघ दिली. यापेक्षा मोठी शाबासकी आमच्याकडे नाही.

आणि रेघ द्यावी तर डुएन हॉसमनने. अठ्ठावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, चौतीस सालची काळी फोर्ड. डुएन लायलचा शाळेपासूनचा मित्र. सोमवार ते शुक्रवार धान्यकोठारावर वजनकाट्याशी बसायचा. शेतकऱ्यांचे मक्याचे ट्रक भरलेले तोलायचा, रिकामे तोलायचा, आकडा लिहून द्यायचा. त्याने लिहिलेल्या आकड्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नसे.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात केंडल आली. मोठ्या वाहिनीची बाई, तिशीची, पायात नवेकोरे शेतकरी बूट. तिला अस्सल काहीतरी हवं होतं. 'अस्सल' हा शब्द ती इतक्यांदा म्हणाली की मला तेव्हाच कळायला हवं होतं. तिने लायलच्या जुन्या टेपा पाहिल्या होत्या.

"लायल, तुम्ही जे करता ना, तेच आम्हाला साऱ्या देशाला दाखवायचंय. काही न बदलता."

आमची माणसं परक्या कॅमेऱ्यासमोर तोंड उघडत नाहीत. पहिल्या शनिवारी केंडल पुढे आली की जो तो बॉनेटखाली डोकं घालायचा. मग लायल स्वतः गाडी गाडी हिंडला. "अरे, मी आहे ना. शेवटची टेप मी बघून सही केल्याशिवाय लागणार नाही. तसं लिहून घेतलंय." लायलने सांगितलं म्हणून लोक बोलायला लागले. एवढं एकच कारण होतं, दुसरं काही नव्हतं.

दुपारी उन्हाला कंटाळून केंडल माझ्या खोलीत येऊन बसली. लायलही होता. मी डब्यातले कोलाचे, जर्दाळूचा गर भरलेले गोड पाव, पुढे केले.

"हे रेघ देणं म्हणजे काय?" तिने विचारलं.

एकोणीस वर्षं कोणाला काही न समजावणारा लायल त्या दिवशी फुलला. चिठ्ठीच्या मागे दोन गाड्या काढून त्याने तिला पाऊण तास समजावलं. तिने शेवटी स्वतःच्या शब्दांत परत सांगून दाखवलं, आणि बरोबर सांगितलं. वहीत लिहूनही घेतलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून कोणी मला सांगू नये की बिचारीला कळलं नव्हतं.

त्याच दिवशी डुएनने अंतिम फेरीत रॉडनी नावाच्या पोरकट, पन्नाशीतल्या गृहस्थाला रेघ दिली. काय दिली! फूटभर. लायलनेच डुएनला हाताला धरून केंडलच्या कॅमेऱ्यापुढे उभं केलं.

"सांग ना लेका, काय केलंस ते."

डुएन लाजत हसला. "काय सांगायचं? रॉडनी येताना दिसला. ब्रेक दाबला. त्याला रेघ दिली."

ऑगस्टमध्ये कार्यक्रम लागला. रविवारी दुपारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही लावला, आम्ही सत्तरएक जण होतो. लायल इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत. पडद्यावर आमची धावपट्टी, आमची धूळ, आमची माणसं. डुएनचा भाग आला. दोन गाड्या, डुएन पुढे, मग त्याचा ब्रेकचा लाल दिवा पडदाभर, अगदी सावकाश, आणि रॉडनी पुढे निघून गेला. लगेच डुएनचा हसरा चेहरा: ब्रेक दाबला, त्याला रेघ दिली. रॉडनी त्याच्या पाठीवर थाप मारतोय. मग निवेदकाचा आवाज: इथे प्रत्येक जण जिंकायलाच येतो का?

हॉलमध्ये टाळ्या, शिट्ट्या, कोणीतरी डुएनची टोपी उडवली. मीही टाळ्या वाजवल्या. शेवटी 'सल्लागार: लायल वोंद्रा' असं आलं तेव्हा त्याने डोळे पुसले.

पाटी दाखवली नव्हती. पिवळा दिवा दाखवला नव्हता. सत्तर जणांत एकाच्याही लक्षात आलं नाही. आमच्या कानांना 'रेघ दिली' म्हणजेच 'जिंकला', मग दिवा कशाला हवा?

पण गावात माणसं नऊशे, आणि आजूबाजूच्या शेतांवर आणखी कितीतरी. त्यांनी पाहिलं ते असं: डुएन हॉसमनने मुद्दाम ब्रेक दाबला, दुसऱ्याला पुढे जाऊ दिलं, म्हणजे ठरवून हरला, आणि वर हसून कबूल केलं.

सोमवारी पहिल्याच ट्रकवाल्याने काट्याच्या खिडकीत वाकून विचारलं, "काय डुएन, आज कोणाला देणार?" डुएनला वाटलं, कौतुक करतोय. तो हसला. तिथेच घात झाला. आठवड्याभरात तीच थट्टा दहा तोंडांनी झाली, आणि प्रत्येक तोंडाला हसू थोडं कमी. सप्टेंबरात मका यायला लागला तसे काही जण आमच्याकडे तोललेला ट्रक शेजारच्या गावी नेऊन परत तोलायला लागले. वजन जुळलं, दर वेळी जुळलं. तरी पुढच्या खेपेला ते सरळ शेजारच्याच गावी गेले. मग कोठाराच्या मॅनेजरने डुएनला आत बोलावलं आणि म्हणाला, थोडे दिवस तू खाली कणग्यांच्या झाडलोटीला जा, लोकांचं डोकं शांत होईपर्यंत. तीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाच्या हातात फावडं दिलं.

तेव्हा कुठे लायलने ती टेप परत लावली. माझ्या घरी लावली, एकट्याला धीर होईना म्हणून. डुएनचा भाग त्याने चार वेळा पाहिला. चौथ्यांदा त्याने टेप मध्येच थांबवली.

"मार्लिस, पिवळा दिवाच नाही यात."

"तू सही करण्याआधी बघितलं नव्हतंस?"

"बघितलं. तीनदा बघितलं. मला दिवा दिसला गं. शप्पथ, मला दिसला."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. त्याने तिथूनच केंडलला फोन लावला. मी कान लावून उभी होते.

"लायल, आम्ही त्यात एक शब्द तरी घातला का?" ती गोड आवाजात म्हणाली. "सगळे शब्द तुमच्याच माणसाचे आहेत. आणि सही तुमची. यापेक्षा अस्सल काय असतं?"

तिने केसाने गळा कापला, आणि तो केस धरायला हात आमचाच वापरला. मला आजही त्या आवाजाची चीड येते.

लायल डुएनच्या शेडवर गेला. मीही गेले, कारण तो एकटा गेला असता तर दारातून परत आला असता. डुएन गाडीखाली आडवा होता. बाहेर आलाच नाही, नुसते बूट दिसत होते.

"डुएन, मी सगळं नीट करतो. गुरुवारी माझ्या कार्यक्रमात मी स्वतः बोलतो. पाटी दाखवतो, नियम समजावतो."

"तुझा गुरुवारचा कार्यक्रम कोण बघतं?" गाडीखालून आवाज आला. "झाडूवाल्याची आई. तिला माहीत आहे."

"अरे, मला कळलं नाही रे."

"तू म्हणालास, मी आहे ना. तू नव्हतास तिथे, लायल. तू स्वतःचं नाव शेवटी केव्हा येतं ते बघत होतास."

ते खरं होतं. त्याने गुरुवारी कार्यक्रम केला, पहिल्यांदाच बोलला, आणि इतका अडखळला की नियम समजण्याऐवजी तो काहीतरी लपवतोय असं वाटलं. मॅनेजरच्या बायकोनेच मला ते सांगितलं.

ऑक्टोबरचा पहिला शनिवार, मोसमाची शेवटची शर्यत. त्या दिवशी गावातली बरीच माणसं आली होती. एरवी कधी न येणारी, कोठारावर ट्रक आणणारी. खुर्च्या आणल्या होत्या, थर्मास आणले होते. डुएनला बघायला आली होती, हे कोणी बोललं नाही. लायल मचाणावर होता. त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं, पण कॅमेरा काढ असंही कोणी म्हटलं नाही.

डुएन फेरीमागून फेरी जिंकत गेला. कोणालाही रेघ दिली नाही, चोख आकड्यावर गाडी आणली. अंतिम फेरीत परत रॉडनीच समोर आला. डुएनने काचेवर बारा पॉइंट नव्वद लिहिलं.

दोघे सुटले. शेवटच्या शंभर फुटांत रॉडनी फार जोरात होता, माझ्या खोलीतून इंजिनाच्या आवाजावरूनही कळत होतं. आता हलकासा ब्रेक, की मोसमाची ढाल डुएनची. आमची सगळी माणसं त्या लाल दिव्याची वाट बघत होती. दिवा लागला नाही. डुएनने गॅसवरचा पाय उचलला नाही, उलट आणखी दाबला, आणि रॉडनीच्या अर्धी गाडी पुढे रेघ ओलांडली.

खुर्च्यांवरची माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली. पिवळा दिवा रॉडनीच्या बाजूला लागला, पण तिकडे त्यांच्यातलं कोणी बघत नव्हतं. आमच्यातलं कोणी टाळ्या वाजवत नव्हतं.

काळी फोर्ड परतीच्या वाटेने माझ्या खिडकीशी आली. मी चिठ्ठी काढली: बारा पॉइंट पंच्याऐंशी. दोघांचेही आकडे फुटले होते, डुएनचा जास्त, आणि असं झालं की ज्याचा कमी फुटला तो जिंकतो. त्याने चिठ्ठी घेतली आणि न बघता खिशात घातली. मग गाडी मचाणाखाली नेऊन थांबवली, दार उघडून बाहेर आला, आणि शेडमधल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा लायलशी बोलला.

"घेतलंस ना नीट?"

लायलने मान हलवली.

"मी पुढे होतो. हेच दाखव त्यांना," डुएन म्हणाला. "यात समजावण्यासारखं काही नाही."