शेषरावच्या पोटातला उजेड

असे किस्से आमच्या गाडीत इतके साचलेत, की आता टपावर बांधून न्यावे लागतील. गळ्याची शप्पत, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक सोडून. तो कोणता ते शेवटी सांगतो, म्हणजे तुम्ही मध्येच उठणार नाही.

आमची गाडी पालम, सोनपेठ, मानवत असं फिरून आतड्याच्या कॅन्सरची तपासणी करते, आणि तीही दुर्बीण न घालता! बोराएवढी गोळी पाण्यासोबत गिळायची. तिच्यात दिवा आणि कॅमेरा. आतड्यातून उजेड पाडत, फोटो काढत ती आपल्या वाटेनं बाहेर पडते. फोटो जमा होतात कमरेच्या पट्ट्यातल्या डबीत. संध्याकाळी डॉक्टर मॅडम ते पडद्यावर बघतात. मी केसपेपर लिहितो. गाडीवर ड्रायव्हर शेषराव.

या शेषरावला पोळ्यापासून संडासला रक्त पडत होतं. मॅडम रोज म्हणायच्या, "शेषराव, एक गोळी तुम्हीही घ्या."

"मूळव्याध हाय मॅडम. मिरची सोडली की जाती."

मिरची काही सुटत नव्हती.

*

पालमला एक आजोबा आले ते इस्त्रीचं धोतर, गुलाबी फेटा, गुळगुळीत दाढी करून. "फोटू काढनार म्हनले."

मॅडम म्हणाल्या, "आजोबा, फोटो आतून निघतो."

आजोबांनी शांतपणे फेटा उतरवून सुनेच्या हातात दिला. "ठेव. आत कोन बघायलंय."

सोनपेठच्या मावशी त्याच्या उलट. गोळी गिळली आणि भर उन्हाळ्यात पोटावरून दुहेरी पदर घेऊन बसल्या. मी म्हटलं, "मावशी, लय गरम होईल."

"होऊ दे. फोटू निघायलेत न्हवं? गड्यामानसानं बघू न्हाई."

*

मानवतचे एक आडतीवरचे काका. मी आदल्या दिवशी बजावलं होतं, "काका, उद्या कडक उपवास करा."

दुसऱ्या संध्याकाळी पडद्यावर बघतो तर जागोजाग पांढरे, चकचकीत दाणे. मॅडमनी चष्मा पुसला. परत बघितलं. चेहरा उतरला. इतकं त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

शेषरावनं मागून मान घातली. "मॅडम, साबुदाना हाय."

काकांना विचारलं, तर काका आमच्यावरच गरम. "तुमीच म्हनले ना उपास करा? दोन टाइम खिचडी खाल्ली. वर भगर."

तेव्हापासून मी केसपेपरवर लिहितो: 'उपवास नाही. उपाशी.'

*

लिंबाजी शेळ्या राखणारा. गोळी गिळून आमच्याजवळ बसेचना. पट्टा बांधला, काठी उचलली आणि दिवसभर शेळ्यांमागं माळावर. फोटो असे स्वच्छ आले, की मॅडम खुर्चीतून उठूनच बघायला लागल्या. काही दोष नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजी परत हजर. रुमालाची गाठ सोडली. आत गोळी.

"ही तुमची अमानत. तीन पान्यानं धुतली."

ती गोळी एकदाच वापरायची असते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मॅडम दोन पावलं मागं सरकून म्हणाल्या, "ठेवा तुम्ही. आठवण म्हणून."

शेषराव पोट धरून हसला. हसता हसता शहाणपणा शिकवायला गेला, "मला बी रगत पडतंय पाव्हनं. मी गिळलो का गोळी?"

लिंबाजी हसला नाही. "शेळीच्या लेंडीला रगत दिसलं तर आमी त्याच दिशी डॉक्टर गाठतो. तुमचं मोल शेळीइतकं बी न्हाई व्हय?"



*

दोन दिवसांनी शेषराव उपाशी राहिला, आणि गोळी गिळली. संध्याकाळी पडद्यावर आतडं गुलाबी, साफ, पुढं पुढं सरकत होतं. मग एका वळणावर लालसर, भुईछत्रीसारखं काहीतरी. मॅडमनी तिथंच थांबवलं.

शेषरावनं विचारलं, "साबुदाना?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीनं ती गाठ काढली. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत शेषरावनं एकही मिरची खाल्ली नाही आणि एकही गिअर धड टाकला नाही. शेवटी मॅडम रिपोर्ट हलवत गाडीकडं पळतच आल्या. "गाठ कॅन्सरकडं वळायला लागली होती, पण कॅन्सर झाला नव्हता! वेळेत निघाली!"

शेषराव चाकाला टेकून खालीच बसला. म्हणाला, "मॅडम, मग मिरची?"

आता तो एक खोटा शब्द. शेषराव. आमच्या गाडीला वेगळा ड्रायव्हर कधीच नव्हता. केसपेपर लिहून झाले की स्टेअरिंगवर मीच बसतो.