मिसकॉल

एसटीतून उतरलेल्या एका मुलीने फोन लावला, दोन रिंग होताच कापला आणि बॅग उचलून ती चालू लागली. मला हसू आलं, मग आई आठवली. ज्यांचा हा शब्द आहे, त्यांच्याकडे मिसकॉल म्हणजे घ्यायचा राहून गेलेला फोन. आमच्याकडे तो मुद्दामच घ्यायचा नसतो. दोन रिंग म्हणजे मी नीट पोचले. आईने माझा असा फोन कधीच उचलला नाही.

आता आई नाही. तरी परवा गावाहून परतल्यावर सवयीने तिच्या नंबरवर मिसकॉल दिला. तो बाबांनी उचलला.

"पोचले, एवढंच," मी म्हटलं.

ते म्हणाले, "फोन वाजून बंद व्हायचा, आणि ही मला सांगायची, पोरगी आत्ताच बोलली म्हणून."