मागच्या काचेवर साडेनऊ

आमच्या आप्पांनी गाडी घेतली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. घरात कॉलेज पाहिलेली मी एकटीच, त्यात मेकॅनिकल शाखा घेतलेली, म्हणून गाडीतलं मला सगळं कळतं असं घरच्यांनी धरून चाललं होतं. मला फारसं काही कळत नव्हतं. पण तसं म्हणायची सोय नव्हती.

ती दुष्काळाची वर्षं होती. पैठण रोडकडची आमची जमीन कारखान्यांच्या नव्या वसाहतीत गेली होती आणि जिथं आम्ही बाजरी पेरायचो तिथं मुरूम टाकून रस्ते आखणं चाललं होतं. मेंढरं मात्र राहिली होती. गावाकडं चारा नाही, पाणी टँकरचं, म्हणून वडील ती घेऊन खुलताबादच्या डोंगराकडं गेले होते. आप्पांनी जुना टेम्पो विकला, जमिनीच्या मोबदल्यातले पैसे घातले आणि शहरातल्या एका शोरूममधून मोठी, काळी, डिझेलवरची एसयूव्ही आणली. आत चामड्याच्या सीटा, वर छताला काच. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मागच्या सीटा दुमडल्या, ताडपत्री अंथरली आणि पाण्याचे ड्रम भरून डोंगरावर नेले. लोक हसले. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. "गाडी हाय ना? मग वाहील की," म्हणाले.

त्यांना लागलं ते वेगळंच.

आमच्याकडं नवी गाडी आली की लोक आधी ॲव्हरेज विचारतात, मग बाकीचं. गावातल्या चहाच्या टपरीवर आप्पांनाही विचारलं गेलं. शोरूमच्या रंगीत माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलं होतं तेच त्यांनी सांगितलं. "लिटरला सतरा देती."

आप्पांनी एखादी गोष्ट सांगणं म्हणजे काय, हे बाजारात विचारायला हवं. मेंढरांच्या बाजारात ते म्हणाले की ही मेंढी दुसऱ्या वेताची आहे, तर गिऱ्हाईक वय ताडायला तिचं तोंड उघडून दात बघत नसे. आप्पांचा शब्द म्हणजे दात बघितल्यासारखंच होतं. त्यावरच आमचं घर इतकी वर्षं बाजारात उभं राहिलं होतं.

पुढच्या महिन्यात गावातला एक जीपवाला त्यांच्यासोबत शहरात जाऊन आला. येताना त्यानं पंपावर डिझेल भरताना पाहिलं आणि टपरीवर सगळ्यांदेखत बोलला, "आप्पा, सतरा म्हणला व्हता ना? ही तर म्हशीगत पिती."

दुसरा म्हणाला, "उद्या म्हणशील, बोकड दूध देतो."

लोक हसले तेही ठीक होतं. पण त्यानंतरच्या बाजारात कितीतरी वर्षांच्या ओळखीच्या एका गिऱ्हाइकानं आप्पांसमोर मेंढीचं तोंड उघडलं आणि दात मोजले. हसलं नाही, नुसते मोजले.

आप्पा तिथून घरी गेले नाहीत. थेट माझ्या हॉस्टेलवर आले. फाटकाबाहेर काळी गाडी उभी आणि तिला टेकून धोतर-पागोट्यातले आप्पा. मुली खिडकीतून बघत होत्या.

"बाई, हा सतराचा आकडा कुनी काढला ते मला सांग."

मी सांगू लागले. नुकतंच शिकले होते, तरी अडखळत सांगितलं. एका बंद खोलीत गाडीची चाकं फिरत्या रोलरांवर ठेवतात. चाकं फिरतात, गाडी जागेवरच राहते. वेग कधी किती ठेवायचा ते आधीच ठरलेलं असतं. एसी बंद.

"आन घाट?"

"घाट नसतो, आप्पा."

"क्रांती चौकातली गर्दी?"

"नाही."

"ऊन तरी?"

"खोलीत कुठलं ऊन!"

आप्पांनी गाडीच्या दारावर थाप मारली. "म्हंजी गाडी कुठं गेलीच नाय," ते म्हणाले. "न जाता सतरा दिलं."

मला हसू आलं आणि मग आलं नाही. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक इंग्रजीत हे लिहिलेलं होतं की आकडा चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतला आहे. आकडा खोटा नव्हता. एका खोलीपुरता तो खरा होता. पण त्या खोलीत आमचा मे महिना नव्हता, आमचा डोंगर नव्हता, आणि मोठ्या अक्षरात सतरा छापणाऱ्यांना हे माहीत होतं. आप्पांना नव्हतं. आपल्या तोंडून त्यांनी दुसऱ्याचा शब्द दिला होता आणि पडला तो त्यांचा.

आम्ही ठरवलं, आपला आकडा आपण काढायचा. पंपावर टाकी फुल्ल केली. फुल्ल म्हणजे आमच्याकडं करतात तशी, गाडी दोन्ही बाजूंनी हलवून, आतली हवा निघून आणखी डिझेल बसेपर्यंत. एवढ्या महागड्या गाडीला एका बाजूनं आप्पा आणि दुसऱ्या बाजूनं मी गदागदा हलवत होतो. पंपावरचा माणूस म्हणाला, "क्या चाचा, गाडी है के झूला?"

"तू भर. सांडलं तर सांग," आप्पा म्हणाले.

मग गाडी रोज चालते तशी चालवली. ड्रम घेऊन डोंगरावर, शहरात, परत गावाला. एसी लावून. त्याच पंपावर पुन्हा हलवून हलवून भरली. साडेनऊ आले. विश्वास बसेना म्हणून सगळं पुन्हा केलं. साडेनऊच.

तो आकडा घेऊन आम्ही शोरूममध्ये गेलो. तिथले मॅनेजर नम्र होते. थंड पाणी दिलं, आप्पांना सर म्हणाले. पण आमची चाचणी ते धरणार नव्हते. "सर, चालवण्याच्या सवयीचा प्रश्न असतो. आपण आमच्या ड्रायव्हरसोबत एक चक्कर मारू."

त्यांच्या ड्रायव्हरनं मोकळ्या बायपासवर एकाच संथ वेगात गाडी नेली. काचा बंद, एसीही बंद. बाहेर उन्हानं डांबर मऊ पडलेलं. समोरच्या पडद्यावरचा आकडा चढत पंधराच्या वर गेला. पुढच्या सीटवर मॅनेजर रुमालानं मान पुसत म्हणाले, "बघा सर. गाडी देते."

मागून आप्पा म्हणाले, "साहेब, एवढं उकडून घ्यायचं व्हतं तर आमची बैलगाडी काय वाईट व्हती? ती तर डिझेल बी पीत नाय."

मला बोलायचं होतं. मोठ्या माणसांसमोर माझी जीभ नेहमी जड होते, तेव्हाही झाली. तरी बोलले. "आता ए... एसी लावा. आणि क्रांती चौकातून चला."

ड्रायव्हरनं मॅनेजरांकडं पाहिलं. आप्पा म्हणाले, "ती काय म्हनती ते ऐक."

क्रांती चौकात आम्ही रिक्षा, सिटी बस आणि पाण्याच्या टँकरमध्ये अडकलो. इंजिन चालू, गाडी उभी, आकडा उतरत होता. तिथून मी दौलताबादच्या रस्त्यानं खुलताबादचा घाट चढायला सांगितलं. वर पोचेपर्यंत आकडा दहाच्या खाली आला होता, तोही ड्रम नसताना.

मॅनेजरांचा आवाज पहिल्यांदा बदलला. "मॅडम, आता डोंगर काय आमच्या हातात आहे?"

"डोंगर नाही," मी म्हणाले. "पण सतरा मोठ्या अक्षरात लिहायचं आणि बाकीचं बारीक, हे तुमच्या हातात आहे."

"अहो, पण ही गाडी मेंढरांना पाणी न्यायला बनवलेली नाही."

आप्पा खिडकीबाहेर बघू लागले. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि मला कसलीच भीती उरली नाही. "मग हे गाडी देताना सांगायचं होतं. तेव्हा तर तुम्ही आप्पांच्या गळ्यात हार घातला, केक कापायला लावला, फोटो काढला. आमची मेंढरं तेव्हाही होती."

मॅनेजरांनी ड्रायव्हरला गाडी परत वळवायला सांगितलं.

त्याच दिवशी आप्पा मला घेऊन एका पेंटरकडं गेले. आमच्या भागात गाडीच्या मागच्या काचेवर आईचा आशीर्वाद असतो, देवाचं नाव असतं, मुलांची नावं असतात. आप्पांनी सांगितलं, "कंपनी म्हनती सतरा. आम्ही म्हनतो साडेनऊ. असं लिही."

पेंटरनं कान खाजवला. "काका, दहाच लिहू का? दिसायला चांगलं दिसतंय."

"साडेनऊ. वरचा अर्धा कुनाच्या घरून आनू?"

पिवळ्या रंगात, सुबक अक्षरात ते लिहिलं गेलं. सिग्नलला लोक मोबाइल काढून फोटो घेऊ लागले. सर्व्हिसिंगची वेळ आली तेव्हा मॅनेजरांनी आम्हाला आत नेलं, दार लावलं आणि हळू आवाजात सांगितलं की मजकूर पुसला तर ही सर्व्हिस फुकट होईल, शिवाय नवी सीट कव्हरं मिळतील. आप्पा ऐकून घेऊन म्हणाले, "साहेब, रुमालाखाली बोटं धरून मी बी सौदा करतो. पन तो मेंढराच्या भावाचा. हे झाकायला माझ्याकडं रुमाल नाय." आणि सर्व्हिसचे पूर्ण पैसे भरून ते बाहेर आले.

धुऊन आलेल्या गाडीची मागची काच लख्ख होती. एक अक्षर नव्हतं. "चुकून निघालं असेल," कुणीतरी म्हणालं.

आप्पा भांडले नाहीत. गाडी सरळ पेंटरकडं वळवली आणि या वेळी अक्षरं मोठी काढून घेतली.

पुढच्या बाजारात मीही गेले. ज्यानं दात मोजले होते तेच गिऱ्हाईक गाडीच्या मागं उभं राहून वाचत होतं. दोनदा वाचून झाल्यावर ते आमच्या मेंढ्यांपाशी आलं आणि एकीच्या पाठीवर हात ठेवला.

"ही कितव्या वेताची, आप्पा?"

"तिसऱ्या."

"बरं. बोला भाव."

"आधी दात बघ," आप्पा म्हणाले.

"राहू द्या हो. काचेवर साडेनऊ लिवनारा मानूस खोटं कशाला बोलंल?"

"बघ म्हनतो ना. मी बी एकदा न बघता घेतलं व्हतं." आप्पांनी स्वतः खाली बसून मेंढीचं तोंड उघडलं आणि उजेडाकडं वळवून धरलं. गिऱ्हाईक वाकलं. मीही वाकून बघितलं.