व्याह्यांसाठी उचललेली जीप

सांगतो, पण तोंडातला चहा आधी गिळून घ्या. नाकातून आला तर मी जबाबदार नाही!

मी वकील. आठवडाभर अमरावतीच्या कोर्टात दुसऱ्यांच्या भानगडी निस्तरतो आणि रविवारी स्वतःच्या करतो. त्यातलीच एक भानगड म्हणजे माझी जुनी जीप. सुनीताने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा एवढंच विचारलं, "हे चालते, का ढकलावं लागते?"

तर झालं असं, की आमच्या श्रुतीचं जमलं. मुलगा अकोल्याचा, जुन्या शहरातला. पोरांनी आपसात ठरवूनच टाकलं होतं, पण त्याचे आईवडील आमचं घर-शेत पाहायला यायचे होते. त्यांच्या मनाला आलं तर त्याच दिवशी साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख निघणार. जेवण भातकुलीजवळ आमच्या शेतात, रोडगे आणि वांग्याची भाजी. प्रश्न फक्त रस्त्याचा. काळ्या मातीची पांदण, मधोमध उंचवटा, आणि मागे माणसं बसली की माझ्या जीपचं बूड त्या उंचवट्याला घासायचं. होणाऱ्या व्याह्यांना असं घासत न्यायचं? वकिलाची काही इज्जत असते की नाही?

म्हणजे जीपची मागची बाजू उचलायची. कशी? जीपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं आणि ज्ञानाचा पूर आला! एक म्हणे, स्प्रिंगला लोखंडी ठोकळे लावा. दुसरा म्हणे, ठोकळे? मरायचंय का? स्प्रिंग जिथे टांगलेली असते ती कडी लांब करा. तिसरा म्हणे, हे दोघंही येडे, स्प्रिंगमध्ये जादा पाटे घाला. सगळ्यांत लांब मेसेज ज्यांनी लिहिला, त्यांच्याकडे स्कूटी आहे.

शेवटी नांदगाव पेठच्या रस्त्यावर रशीदभाईंच्या गॅरेजात गेलो. ते म्हणाले, "पाटे वाढवू. पण मांगं किती वजन बसते? तेवढे माणसं आणा, बसवून पाहू, मंग तेवढंच उचलू."

सोपं काम! व्याही-विहीण दोघं, फार तर आणखी एखादा पाहुणा. मी सुनीताच्या भावाला, दिलीपला फोन केला, "भाऊ, दोन माणसं घेऊन या, जरा जीपीत बसाचं हाये."

आता मला सांगा, तुम्ही वऱ्हाडातलेच ना? साळ्याला बोलावलं आणि सख्ख्या काकाला नाही, हे चालतं का? संध्याकाळच्या आत काकांचा फोन.

"पोरीचं लगन जमून राह्यलं, अन् आमाले गाडीत बसाले बी सांगत नाही? आमी काय मेलो?"

काकांना बोलावलं तर आत्याला नको? आत्या आली की तिचे यजमान आलेच. मग मोठ्या मामांनी काय घोडं मारलं होतं? गॅरेजसमोर ही गर्दी! बसण्यावरूनही मानपान. काका दाराजवळ बसेनात. आत्या पान लावून, पाय पसरून ऐसपैस बसली. मंडळी सगळी खात्यापित्या घरची. जीप कण्हत खाली गेली.

रशीदभाई पाना हातात धरून पाहतच राहिले. "वकीलसाहेब, तुमचे पाहुणे एवढे हायेत?"

त्या सगळ्यांसमोर "काका, तुम्ही उतरा" म्हणायची छाती कोणाची होती? कोर्टात न्यायाधीशांशी भांडणारा मी, मान खाली घालून म्हणालो, "हो, एवढेच."

झालं! त्या सगळ्या मानकऱ्यांना पेलून जीप सपाट उभी राहीपर्यंत पाटे घातले गेले. मग मंडळी उतरली आणि जीप पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखी दिसू लागली. पुढून खाली, मागून आभाळात.

"अवो, हे नाकावर काहून उभी हाये?" सुनीता म्हणाली.

"माणसं बसले की बसते," मी म्हटलं.

नाही बसली! बडनेरा स्टेशनावर व्याही-विहीण उतरले. दोघंच. आणि किती बारीक हो! आमची आत्या एकटी त्यांना भारी पडावी. वर सज्जन इतके, की पुढची जागा त्यांनी सुनीतालाच दिली. चहावाल्याचं स्टूल मागून दोघांना मागे चढवलं.

पांदण लागली आणि खेळ सुरू झाला. पाटे असे कडक, की मागे कोणी बसलंय हे त्यांना कळतच नव्हतं. आरशात व्याही दिसायचे, गायब व्हायचे, पुन्हा दिसायचे. ब्रेक मारला की विहीणबाई सरकत माझ्या पाठीला. एकदा व्याह्यांची टोपी उडून सुनीताच्या मांडीवर आली. तिने ती मागे दिली. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

शेतात पोहोचलो. आधीच येऊन थांबलेल्या श्रुतीने पाणी दिलं. मी म्हटलं, "बसा ना."

"नाही, उभाच बरा हाये," व्याही म्हणाले आणि त्यांनी रोडगे उभ्यानेच खाल्ले. विहीणबाई आंब्याला टेकून डोळे मिटून होत्या. तारखेचा विषय कोणी काढेना. श्रुतीचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, संपलं! पोरीचं जमलेलं लग्न मी काकांच्या भिडेपायी मोडलं!

हात धुऊन व्याह्यांनी टोपी नीट केली. "साहेब, पोरगी आमाले पसंत हाये. तारीख काढा. पण माही एक अट हाये."

अट! सुनीता पदर सावरत पुढे झाली. मी हात जोडले. "सांगा ना. तुमी म्हणसान तसं."

"लग्नात घोडा सांगू नका."

"काहून?"

"नवरदेवाले तुमच्या जीपीत मांगं बसवू. तेवढाच उंच दिसते, अन् घोड्याहून जास्त नाचते!"