कडूबाईची सहनिर्मिती

आमच्या पाली गावात कडूबाई एका जागी बसलेली कुणी पाहिली असेल, तर त्यानं मला येऊन सांगावं, चहा माझ्याकडून. लोकर पिंजते, सूत कातते, मागावरच्या ताण्याच्या सुताला लावायला चिंचोक्याची खळ शिजवते, आणि मधल्या वेळात माझ्या बायकोकडं माझ्या चुगल्या करते. नवरा म्हाळू मात्र मागावर बसला की उठत नाही. घोंगडं विणतो तो, म्हणून नावही त्याचंच.

परवा बीडला घोंगड्यांचं प्रदर्शन होतं. अक्षर बरं म्हणून पुठ्ठ्यावर पाटी लिहायला मला बोलावलं. मी झोकात लिहिलं, ‘निर्मिती : म्हाळू’. कडूबाई आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली.

“काय वैनी, मुंग्या चावल्या का?”

“भावजी, सूत काय मुंग्यांनी कातलं?”

मी दुसरा पुठ्ठा घेतला. टीव्हीवरच्या मालिकांत दिसणारा शब्द आठवला. “‘सहनिर्मिती’ लिहितो. सह म्हणजे संगं. दोघांनी मिळून केलेलं.”

म्हाळू मागावरूनच म्हणाला, “लिव की. वर निर्मिती माझी, खाली बारीक अक्षरात सहनिर्मिती हिची.”

“खाली कावून? एकटीनं कुटं संगं व्हतंय? सह लावायचं तर दोघांला लावा. न्हाईतर मी लोकर घिऊन माहेरी चालले. इना मग वाऱ्याचं घोंगडं!”

मागाची खटखट थांबली. तिकडं सडकेवर बीडला जायचा जीपवाला हॉर्न वाजवून राहिलेला. घाईत मी एवढी मोठी अक्षरं काढली की ‘सहन’पाशीच पुठ्ठ्याची कड आली. खालच्या ओळीत पुन्हा ‘निर्मिती’ लिहिलं; वरचा न तसाच, वेलांटीविना राहिला.

कडूबाई चौथी शिकलेली. बोट ठेवून वाचलं, “स... ह... न. सहन!”

आता पुठ्ठा आपल्या टाळक्यात, म्हणून मी मागं सरकलो.

“खोडू नका, भावजी. खरंच हाय. सहन मीच केलंय. आता म्होरं आधी माझं नाव लिवा.”

“आन माझं?” म्हाळू चक्क मागावरून उठला.

“तुमचं बी लिवा. तुमी नसता तर सहन कुणाला केलं असतं?”

‘कडूबाई व म्हाळू’ लिहिलं. अक्षरं सारख्याच उंचीची हायेत का, ते तिनं बोटांनी मापून बघितलं. म्हाळूनं घोंगड्यांचा गठ्ठा खांद्यावर टाकला, पुठ्ठ्यासाठी हात पुढं केला. एकटाच जाणार होता तो. कडूबाईनं पुठ्ठा दिला नाही. ओल्या शाईवर फुंकर घालत तीच आधी जीपमध्ये चढली.