वर्तमानकाळापुरतं स्पॅनिश

मंडळी, कुणाला स्पॅनिश येतं का? हसण्याआधी पूर्ण वाचा.

माझी लेक रेवा स्पेनला सासरी असते. आज सकाळी तिला अपघात झाला. जावई डॉक्टरांच्या मागे, त्यामुळे फोन विहीणबाईंनी उचलला. त्यांना फक्त स्पॅनिश येतं, आणि मला फक्त नुकतीच शिकलेली वर्तमानकाळाची क्रियापदं.

"रेवा बोलते का?" एवढंच विचारायचं होतं. पण आमचं शिक्षण संस्कृतचं. सुटं रूप आठवतच नाही, पहिल्यापासून म्हणावं लागतं. अलीगंजच्या स्वयंपाकघरात मी रडत सुरू केलं, "आब्लो, आब्लास, आब्ला..."

"आई यार, पूरा पहाड़ा मत पढ़ो!" इथेच हिंदीत वाढलेला मुलगा ओरडला, अख्खा पाढा म्हणू नको म्हणून.

विहीणबाईंना मात्र कळलं. हळूच म्हणाल्या, "नो आब्ला. रेस्पिरा."

बोलत नाही. श्वास घेते. दोन्ही क्रियापदं मला येत होती.

तासाभराने परत फोन करणार आहे. 'ती शुद्धीवर कधी येईल?' हे विचारायचंय. मोबाइल भाषांतर दाखवतो, पण रोमन अक्षरांतलं; त्याचे स्पॅनिश उच्चार मला वाचता येत नाहीत. भविष्यकाळापर्यंत मी पोचलेलेच नाही.

कुणी देवनागरीत लिहून द्याल का?